गणिताच्या पेपरात भाषेचे मार्क

माझे विषय उर्दू आणि मराठी. गणिताशी माझा कागदोपत्री संबंध फार पूर्वी संपला. तरी सहामाही जवळ आली की काही मुलं गणिताची वही घेऊन गणिताच्या सरांकडे जायच्या ऐवजी माझ्याकडे येतात. म्हणतात, "आपा, इसमें करना क्या है, बस इतना बता दो." वाक्य फोडून सांगितलं की पुढचं ती स्वतःच करतात, माझी गरज उरत नाही. आमचे गणिताचे सर हसून म्हणतात, "मॅडम, ये मेरे नहीं, आपके मार्क कट रहे हैं." मला ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही.

एक उदाहरण देते. उर्दूच्या पुस्तकात परिमितीला 'इहाता' म्हणतात आणि क्षेत्रफळाला 'रकबा'. आमच्या मुलांच्या घरी 'हाता' हा शब्द रोजचा आहे. मशिदीचा हाता, कब्रस्तानचा हाता. हात्याला भिंत घालायची तर किती फूट भिंत लागेल, हे गवंड्याच्या मुलाला शिकवावं लागत नाही. पण पुस्तकातला इहाता आणि कब्रस्तानचा हाता हा एकच शब्द आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तो शब्द वेगळा पाठ करतो, सूत्र वेगळं पाठ करतो आणि पेपरात इहात्याच्या जागी रकब्याचं सूत्र लिहून येतो. ज्याच्या घरी भिंतीचा हिशोब रोज चालतो, तो मुलगा भिंतीच्याच गणितात नापास!

विज्ञानात तर आणखी गंमत. घनतेला उर्दूत 'कसाफत' म्हणतात. माझ्या तासाला, शेरोशायरीत, कसाफत म्हणजे मळ, गढूळपणा, लताफतच्या उलट. एकदा आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "आपा, पारा पानी से जादा गंदा होता है क्या?" पाऱ्याची कसाफत पाण्यापेक्षा जास्त, असं ती नुकतंच विज्ञानाच्या तासाला लिहून आली होती. मुलीचं काही चुकलं नव्हतं. तिला शब्दाचा एक अर्थ माझ्याकडून मिळाला होता, दुसरा विज्ञानाच्या सरांकडून, आणि दोघांच्या तासांमध्ये फक्त एक घंटा होती.

मराठी वाचकांनी हे वाचून उर्दूची कीव करू नये. 'कार्य' हा शब्द घ्या. मराठी मुलाला कार्य म्हणजे लग्नकार्य ठाऊक. विज्ञानाच्या पुस्तकात कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन सपाट रस्त्याने एक किलोमीटर चालणाऱ्या बाईने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध शून्य कार्य केलेलं असतं. हे सातपुड्यातल्या मुलीला सांगून बघा. ती तुमच्या तोंडावर काही बोलणार नाही, पण विज्ञानाबद्दल तिचं जे मत व्हायचं ते होऊन जाईल.

आता दुसरी बाजू. नंदुरबारचं नाव बाहेर मिरचीसाठी माहीत आहे. हंगामात शहराबाहेरच्या पथाऱ्या लालेलाल होतात, वाऱ्याबरोबर ठसका येतो. पथारीवर देठ खुडायला, मिरची निवडायला बायका जातात, त्यांत आमच्या मुलांच्या अम्मी, खाला, दादी असतात. मजुरी बऱ्याचदा किलोवर. सातवीतल्या एका मुलीला मी तोंडी विचारलं : समजा, किलोला साडेसात रुपये आणि तीन दिवसांत छत्तीस किलो झालं, तर अम्मीचे किती झाले? तिने वर बघितलं, ओठ हलवले. "तीस किलो के दो सौ पच्चीस. छे किलो के पैंतालीस. दो सौ सत्तर." मी फळ्यावर ७.५ × ३६ लिहिलं. तिने वही काढली, आकडे एकाखाली एक मांडले, दशांश चिन्ह कुठे द्यायचं यावर अडली आणि शेवटी २७०० वर थांबली. मी म्हटलं, अम्मीला सत्तावीसशे मिळाले का? ती हसली. तिच्या लेखी हे दोन वेगळे प्रश्न होते. एक पथारीचा, एक शाळेचा.

तिचं हे वेगळेपण जगाने मोजलेलं आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा काराहेर, डेव्हिड काराहेर आणि अनालुसिया श्लीमान यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला, तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. आधी गिऱ्हाईक बनून मुलांना हिशोब विचारले. नंतर तीच गणितं कागद-पेन्सिल देऊन सोडवायला लावली. बाजारात त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. शाब्दिक उदाहरणांत सुमारे ७४ टक्के. नुसत्या आकडेमोडीत ३७ टक्क्यांच्या आसपास. नारळ विकणाऱ्या एका बारा वर्षांच्या मुलाला विचारलं, ३५ चा एक, तर दहा नारळांचे किती? दहाने गुणायचं तर शून्य लावलं की झालं. पण त्याने तीन नारळांचे १०५ धरले, आणखी तीन मिळवून २१०, पुन्हा तीन मिळवून ३१५, वर एक, म्हणून ३५०. बहुधा लोक तीन-तीन नारळ नेत असतील, म्हणून तीनचा भाव त्याच्या तोंडी बसलेला. आमची पथारीवरची मुलगी तीस आणि सहा असं का फोडते, ते यावरून मला कळलं.

पाच मुलांवरून काय ठरवायचं, असं कुणी म्हणेल. तर आपल्याच देशात, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांवर केलेला अभ्यास २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात आला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ त्यात होते. निष्कर्ष तोच. बाजारातले गुंतागुंतीचे हिशोब ही मुलं लीलया करतात, पण तितकंच किंवा त्याहून सोपं गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर दिलं की अडतात. शिक्षकांच्या खोलीत मी हे सांगितलं तेव्हा सगळे म्हणाले, यात नवीन काय, हे आम्हाला माहीतच आहे. पण त्याच अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग त्यांना माहीत नव्हता. त्याच भागातल्या शाळांत जाणाऱ्या, कधी काही न विकलेल्या ४७१ मुलांनाही तपासलं होतं. कागदावरची साधी गणितं त्यांना जास्त चांगली येत होती. पण बाजाराचं एक उदाहरण, जे काम करणाऱ्या मुलांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मुलांनी सोडवलं, ते या शाळेतल्या मुलांपैकी फक्त १ टक्का मुलांना जमलं. म्हणजे बाजार शिकवतो ते शाळेपर्यंत पोचत नाही, हे अर्धं दुखणं. शाळा शिकवते ते बाजारापर्यंत पोचत नाही, हे उरलेलं. पहिल्या अर्ध्यासाठी आपण मुलांना आणि त्यांच्या आईबापांना बोल लावतो. दुसऱ्याचं खापर कुणावर फोडायचं?

आमच्या समाजाच्या आणखी जवळचं एक काम मुंबईत झालं आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी एका मोठ्या कष्टकरी वस्तीतल्या महापालिकेच्या उर्दू आणि इंग्रजी शाळांतल्या मुलांबरोबर बसून, शाळेबाहेर ती किती गणित करतात ते टिपलं. जरीकाम, शिलाई, चामड्याच्या वस्तू अशा घरगुती धंद्यांत हात लावणारी ही मुलं. पैशांचे तोंडी हिशोब, अर्धा-पाव यांच्या वाटण्या, मापांचे प्रकार, सगळं त्यांच्याकडे होतं. उर्दू शाळेतल्या मुलांवर संशोधन झालं आणि त्याचा विषय 'मागासलेपणा' नव्हता, तर त्यांच्याकडे काय आहे हा होता. एवढं वाचूनच मला बरं वाटलं.

याच केंद्राचं सर्वात जुनं काम मात्र आपल्या खानदेशातलं आहे, आणि ते खानदेशातल्या शिक्षकांनाच माहीत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. होमी भाभा केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली सुरू केलं. त्याचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी हे भौतिकशास्त्रज्ञ. खेड्यातल्या शाळांत विज्ञान कसं शिकवलं जातं, ते कसं सुधारेल, हे पाहायला या मंडळींनी सत्तरच्या दशकात जळगाव जिल्ह्यातलं खिरोदा निवडलं. खिरोदा म्हणजे रावेर तालुक्यातलं, धनाजी नाना चौधरींचं गाव. १९३६ च्या फैजपूर काँग्रेसमुळे आपल्याकडे त्यांचं नाव अजून घेतलं जातं. त्यांचे चिरंजीव मधुकरराव चौधरी राज्याचे शिक्षणमंत्री होते आणि १९६७ साली 'बालभारती' सुरू झाली ती त्यांच्याच पुढाकाराने. म्हणजे ज्या गावातून राज्याच्या पाठ्यपुस्तकांचा संसार उभा राहिला, त्याच गावच्या शाळांमध्ये ही पुस्तकं मुलांना किती कळतात याची तपासणी झाली.

खिरोद्यात आणि पुढे मुंबईच्या महापालिका शाळांत काम करताना या लोकांच्या लक्षात एक गोष्ट पक्की आली. मुलं अडतात ती बऱ्याचदा संकल्पनेवर अडत नाहीत, पुस्तकाच्या मराठीवर अडतात. लांब वाक्यं, संस्कृत जोडशब्द, 'केले जाते', 'आढळून येते' अशी घरात कुणी न बोलणारी रचना. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी गंभीर यांनी मग सरळ प्रयोग केला. विज्ञानाचा आशय तोच ठेवला, भाषा सोपी केली आणि त्या मजकुरावर मुलांना शिकवलं. मुलांची समज वाढली. माझ्या मते त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती वर्गात बोलायला, विचारायला लागली. १९८१ साली त्यांनी हे भाषेच्या अडसराबद्दलचं काम छापलं. पुढे १९८८ मध्ये विज्ञान शिक्षणातलं भाषेचं स्थान या विषयावरचा कुलकर्णींचा लेख पीटर फेनशम यांनी संपादित केलेल्या आंतरराष्ट्रीय पुस्तकात आला. महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांना बरोबर घेऊन कुलकर्णी आणि आगरकर यांनी ऐंशीच्या दशकात जो प्रकल्प केला, त्यात त्या मुलांच्या दहावीच्या निकालात मोठा फरक पडला. ज्यांना 'यांच्या डोक्यात विज्ञान शिरत नाही' म्हणून सोडून दिलं जातं, त्यांच्याबद्दल हे सिद्ध करून दाखवलं होतं.

मी बीएड केलं तेव्हा आमच्या नोट्समध्ये पियाजे होता, ब्रुनर होता, त्यांच्या अवस्था आणि पायऱ्या आम्ही पाठ केल्या. खिरोदा नव्हतं. नंदुरबारहून सुरत–भुसावळ गाडीत बसलं तर ज्या भागात दिवसाउजेडी पोचता येतं, तिथलं काम आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं, स्वित्झर्लंडचं होतं. पियाजेबद्दल माझी तक्रार नाही, बिचारा मोठा माणूस. पण एखाद्या प्राध्यापकाने एक तास तरी खिरोद्याला द्यायला हवा होता.

इथे आमच्यातले काही लोक लगेच म्हणतात : बघा, प्रश्न भाषेचाच आहे, उर्दूत विज्ञान होऊच शकत नाही, मुलं इंग्रजीत घाला. 'होऊ शकत नाही' हे इतिहासाला धरून नाही. दिल्ली कॉलेजात १८४० च्या दशकात मास्टर रामचंद्र उर्दूतून गणित-विज्ञान शिकवत होते. महत्तम-लघुत्तम मूल्यांवरचं त्यांचं पुस्तक १८५० साली निघालं आणि ऑगस्टस डी मॉर्गन या इंग्रज गणितज्ञाने ते १८५९ साली लंडनहून पुन्हा प्रसिद्ध करवलं. रामचंद्र जन्माने हिंदू, पुढे ख्रिस्ती झालेले. उर्दू ही फक्त आमची आहे असं समजणाऱ्या दोन्हीकडच्या लोकांनी हे लक्षात ठेवलं तर बरं. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात १९१८ पासून उच्च शिक्षण उर्दूतून होतं, वैद्यकीयसुद्धा, आणि त्यासाठी शब्द घडवायला दारुल तर्जुमा नावाचं खातं होतं. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता.

पण याच इतिहासात आमच्या मुलांची अडचणही आहे. ते शब्द फारसी-अरबी येणाऱ्या विद्वानांनी तशाच विद्यार्थ्यांसाठी केले. त्रिकोणाला 'मुसल्लस', आयताला 'मुस्ततील', अंशाला 'शुमार कुनिंदा', छेदाला 'नसब नुमा'. आज ते शब्द मिरची खुडणाऱ्या बाईच्या पाचवीतल्या लेकीसमोर येतात. मराठीत हेच संस्कृत जाणणाऱ्यांनी केलं आणि 'प्रकाशसंश्लेषण' भिल्ल-पावरा मुलांच्या वाट्याला आलं. उर्दूत त्याला 'जियाई तालीफ' म्हणतात. दोन्ही शब्द सुंदर आहेत, भाषेची शिक्षिका म्हणून मला दोन्ही आवडतात. पण मुलाच्या घरी दोन्हींपैकी एकही जात नाही.

जे शब्द घरी जातात ते कुठून आले याची कुणाला फिकीर नसते. मराठी शाळेत रोज 'वजाबाकी' होते. वजा अरबी, बाकी अरबी. 'कसर' म्हणजे उर्दू गणितात अपूर्णांक. मूळ अरबीत मोडणं, तुटणं. मराठीत आपण भरपाई करताना 'कसर भरून काढतो', ती हीच. मराठी मुलाला अपूर्णांक म्हणजे 'कसर राहिलेला आकडा' असं सांगून बघा, लवकर कळतो. मी सांगून बघितलं आहे, शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलांना, उन्हाळ्याच्या सुट्टीत. समीकरणाला उर्दूत 'मसावात' म्हणतात, आणि मसावात म्हणजे समता, बरोबरी. जुम्माच्या बयानात मुलं हा शब्द ऐकतात : सफमध्ये सगळे बरोबर. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजू सारख्याच ठेवायच्या, एका बाजूने काही काढलं तर दुसऱ्या बाजूनेही काढायचं, हे त्या शब्दातच आहे. फक्त तसं म्हणून दाखवावं लागतं.

शब्द बदलणं मात्र सोपं नाही, हे आपण २०१९ च्या जूनमध्ये पाहिलं. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असं वाचायची नवी पद्धत आली आणि महाराष्ट्र पेटला. वाहिन्यांवर चर्चा, विधानसभेत आडनावांवरून विनोद. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की संख्यांच्या नावांतली जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान मुलांना अडवतो, दक्षिणेतल्या भाषांत आणि इंग्रजीत आधी दहाची रक्कम बोलतात, मग सुट्टी. त्या स्वतः गणितज्ञ होत्या आणि त्यांनी घरकामाला येणाऱ्या बायकांच्या मुलांनाही शिकवलेलं होतं. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या सूचनेशी सहमत होणं-न होणं वेगळं, पण त्यांचा मुद्दा हवेतला नव्हता. चिनी भाषेत अकरा म्हणजे 'दहा-एक'. चिनी आणि अमेरिकी लहान मुलांची तुलना झाली तेव्हा दहापर्यंत दोघंही बरोबरीने मोजत होती, अकरा ते वीसमध्ये अमेरिकी मुलं मागे पडली.

आमच्या मुलांची परिस्थिती तर विचारू नका. सकाळी मदरशात अरबी, तिथे पंचवीस म्हणजे 'खम्सा व इशरून', पाच आणि वीस. शाळेत उर्दू, तिथे ७९ 'उनासी' म्हणजे ऐंशीला एक कमी, पण ८९ 'नवासी' म्हणजे ऐंशी आणि नऊ. बाजारात अहिराणी-मराठी, तिथे ७९ आणि ८९ दोन्ही 'एकोण'वाली. मोबाइल नंबर इंग्रजीत. उर्दू पुस्तकातलं वाक्य उजवीकडून डावीकडे चालतं आणि त्याच ओळीतलं समीकरण डावीकडून उजवीकडे. सहावीतल्या पोराची नजर एका ओळीत दोनदा वळते. तरी ही मुलं गणित करतात, याचं कौतुक कुठल्या निकालात दिसत नाही.

माझा एक बीएडचा सोबती धडगाव भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. तो मला म्हणतो, तुमच्या मुलांना निदान पुस्तकाची भाषा घरी ऐकू तरी येते. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. पावरी, भिली, मावची, कोकणी बोलणारी मुलं पहिलीत येतात ती पुस्तकाच्या मराठीत पाहुणी म्हणूनच. नर्मदेकाठच्या विस्थापित गावांत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जीवनशाळा सुरू झाल्या, तिथे मुलांच्या बोलीतून सुरुवात करून मराठीकडे जायचा रस्ता धरला. २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषा असं लिहिलेलं आहे. सोबती म्हणतो, 'शक्य तिथे' हे दोन शब्द कुणी सोपे करून सांगितले तर बरं होईल.

हे सगळं मला आता का लिहावंसं वाटलं, ते सांगते. आमच्या शाळेत आठवीपासून सेमी-इंग्रजी करायचं घाटत होतं, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. पालकांची सभा झाली. गॅरेज चालवणारे एक अब्बू उभे राहिले. म्हणाले, "आपा, हमारी तो जैसी गई वैसी गई. बारहवीं साइन्स अंग्रेजी में ही है ना? तो बच्चा आज से ही सीखे." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दहावीपर्यंत उर्दूतून शिकलेली मुलगी अकरावी सायन्सला बसते तेव्हा एका दिवसात तिची कसाफत, मसावात, इसरा सगळं बिनकामाचं होतं. मी अशा मुली पाहिल्या आहेत ज्या विज्ञानात वर्गात पहिल्या होत्या आणि अकरावीत दिवाळीनंतर आर्ट्सला बदलून आल्या. त्यांतली एक आज घरी टिफिनचे डबे करते. महिन्याचा हिशोब तोंडी ठेवते, एक रुपया इकडचा तिकडे होत नाही.

सभेत मी सेमीच्या विरोधात बोलले नाही. पट घसरतो आहे, पालक मुलं उचलून इंग्रजी शाळेत नेत आहेत, आमची शाळा टिकायची तर हे करावं लागेल, हे मला दिसत होतं. मी एवढंच मागितलं की पुस्तक कुठलंही असो, समजावण्याची भाषा मुलांची राहू द्या, आणि आठवड्याला एक तास मला द्या. त्या तासाला गणित सोडवायचं नाही, फक्त वाचायचं. सेमी सुरू झालं. शनिवारचा शेवटचा तास मला मिळाला, ज्या तासाला बाकी कुणाला काही शिकवायचं नसतं.

त्या तासात आम्ही एक उदाहरण घेतो आणि ते आपल्या शब्दांत एकमेकांना सांगतो. आकड्यांना हात लावायचा नाही. मला वाटलं नव्हतं इतकी एक गोष्ट यातून दिसली. मोठे शब्द मुलांना फार अडवत नाहीत. मुसल्लस, ट्रँगल, त्रिकोण, ती पाठ करून टाकतात. अडवतात ते बारके शब्द. उर्दूत 'फी', 'बित्तरतीब', 'मजकूरा', 'दर्ज जैल'. मराठीत 'प्रत्येकी', 'अनुक्रमे', 'उर्वरित', 'पेक्षा'. इंग्रजीत 'रिस्पेक्टिव्हली' आणि 'ईच'. "अहमदकडे सलीमपेक्षा पाच गोट्या जास्त आहेत", या वाक्यात कुणाकडे जास्त, यावर सातवीच्या वर्गात दोन तट पडतात. हे शब्द कुठल्या पुस्तकाच्या शेवटी संज्ञांच्या यादीत नसतात, कारण ते गणिताचे नाहीत. ते माझ्या विषयाचे आहेत. आणि माझ्या विषयाच्या पेपरात ते कधी विचारले जात नाहीत.

तासाला एक वही चालू आहे. चार रकाने : उर्दू, मराठी, इंग्रजी आणि चौथा 'घर का लफ्ज'. चौथा रकाना भरायला सगळ्यांत जास्त भांडण होतं. इहात्यापुढे हाता आला. कसाफतीपुढे एकाने 'ठस' लिहिलं, आणि लोखंड ठस, कापूस पोकळ, मग पारा केवढा ठस असेल यावर चर्चा झाली; विज्ञानाच्या सरांनीही मान डोलावली. गेल्या शनिवारी इसरा, म्हणजे त्वरण आलं. गॅरेजवाल्यांच्या मुलाने ताबडतोब लिहिलं, "रेस देना". मला पटलं. विज्ञानाचे सर दारातून ऐकत होते, ते आत आले आणि म्हणाले, नहीं, रेस दिली आणि गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर? मुलगा म्हणाला, मग गिअर टाकून रेस देना. सर म्हणाले, उतारावर रेस न देता गाडी पळते, तिथे? वर्गात आवाज वाढला. मागून एक मुलगी उठली : "सर, तो ब्रेक मारना भी इसराच हुआ ना? रफ्तार तो उसमें भी बदलती." सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी माझ्याकडे खडू मागितला, आणि शाळा सुटल्याची घंटा झाली तरी फळ्यावरून बाजूला झाले नाहीत.